पाणी गाळलं, गाळाचं काय?

२४ ऑगस्ट २०२३ रोजी फुकुशिमाच्या उद्ध्वस्त अणुवीज केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी प्रशांत महासागरात सोडायला सुरुवात झाली. त्याच दिवशी चीनने जपानी मासळीची आयात बंद केली. आपल्याकडेही दोन फळ्या उभ्या राहिल्या. एक म्हणाली, समुद्रात विष कालवलं. दुसरी म्हणाली, आधी आकडे वाचा, मग बोला. अणुऊर्जेचा विषय निघाला की हा सामना अजूनही नव्याने रंगतो आणि बहुतेक वेळा दुसरी फळी जिंकते, कारण आकडे तिच्या बाजूने असतात.

मला प्रतिवाद करायचा आहे तो या जिंकणाऱ्या फळीचा. तिचं उत्तर चुकलेलं नाही. तिने पेपरातला सोपा प्रश्न तेवढा सोडवला आहे आणि गुण मात्र पूर्ण पेपरचे मागते आहे.

आधी तिचं देणं देऊन टाकतो. फुकुशिमातून सोडलेल्या पाण्यात मुख्यतः उरतं ते ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचंच किरणोत्सारी भावंड. ते पाण्याच्या रेणूतच बसलेलं असल्यामुळे नेहमीच्या शुद्धीकरणाने वेगळं होत नाही. म्हणून ते समुद्राच्या पाण्यात मिसळून विरळ करतात आणि लिटरमागे १,५०० बेक्वेरलच्या (बेक्वेरल हे किरणोत्साराचं माप) खाली आणून सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेचा पिण्याच्या पाण्यासाठीचा मार्गदर्शक आकडा लिटरमागे १०,००० बेक्वेरल आहे. फुकुशिमाला वर्षाकाठी २२ टेराबेक्वेरल ट्रिटियम सोडण्याची मुभा आहे. फ्रान्सचा ला आगचा अणुइंधन पुनर्प्रक्रिया प्रकल्प दरवर्षी हजारो टेराबेक्वेरल सोडत आला आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ च्या अहवालात या विसर्गाचा माणसांवर आणि पर्यावरणावर होणारा किरणोत्सारी परिणाम नगण्य ठरेल, असं म्हटलं. हे सगळं मला मान्य आहे. सोडलेल्या पाण्यामुळे प्रशांत महासागर नासला, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी उभा नाही.

पण मग प्रश्न उरतो तो असा. त्या पाण्यात सीझियम होतं, स्ट्रॉन्शियम होतं, कोबाल्ट होतं, आयोडीन होतं. आता ते पाण्यात नाही. मग ते आहे कुठे?

आपल्या भाषेत ‘गाळणं’ हे क्रियापद आहे आणि ‘गाळ’ हे नाम. पाणी गाळलं की गाळ उरणारच, हे पावसाळ्यात हंड्याला फडकं बांधणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. अणुविजेच्या चर्चेत मात्र आपण क्रियापदापाशीच थांबतो. पाणी शुद्ध केलं, प्रश्न मिटला. खरं तर शुद्धीकरणाने किरणोत्साराचा एक कणही नष्ट होत नाही. रसायनशास्त्राची पोच अणूच्या बाहेरच्या कवचापर्यंत. किरणोत्सार असतो अणुगर्भात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्यात काही सेंद्रिय विषं असतात, ती जिवाणू खाऊ शकतात किंवा भट्टीत जाळता येतात. सीझियम-१३७ ला कोणी जिवाणू खात नाही आणि भट्टी त्याला जाळत नाही. ते फक्त जागा बदलतं. त्याची तीव्रता निम्मी व्हायला ३० वर्षं लागतात, आणि ती वर्षं ते पाण्यात काढेल की पिंपात, एवढंच ठरवणं आपल्या हाती असतं.

हे जागा बदलणं होतं कसं, ते थोडक्यात सांगतो. अणुवीज केंद्रात दुर्घटना झाली नाही तरी किरणोत्सारी सांडपाणी रोज निघतं. पंपांच्या गळतीचं, जमिनी धुतल्याचं, कामगारांच्या कपड्यांच्या धुलाईचं, इंधन साठवलेल्या तलावाच्या सफाईचं. ते साफ करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. रसायनं टाकून किरणोत्सारी द्रव्य साक्यात ओढायचं आणि साका खाली बसू द्यायचा. रेझिनच्या बारीक मण्यांतून पाणी सोडायचं. मणी आपल्याजवळचा निरुपद्रवी आयन देतात आणि किरणोत्सारी आयन धरून ठेवतात. किंवा पाणी उकळून उडवायचं आणि तळाशी उरलेला घट्ट द्राव वेगळा काढायचा. राजस्थानात रावतभाट्याला हे काम सूर्याकडूनही करून घेतलं गेलं: उथळ हौदांत पाणी उन्हात सुकवायचं. मार्ग कोणताही घ्या, शेवटी दोन गोष्टी हातात येतात. पुष्कळसं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी आणि थोडासा अतिशय घाण गाळ.

इथे जिंकणाऱ्या फळीचा पहिला युक्तिवाद येतो: गाळ थोडाच तर असतो! हजार लिटर पाण्यामागे लिटरभर. लिटरभर कचऱ्याचा एवढा काय बाऊ करायचा?

बाऊ करायचा तो त्या ‘थोड्या’मुळेच. हजार लिटरांत पसरलेलं द्रव्य एका लिटरात कोंबलं की त्या लिटराची तीव्रता हजारपट होते. ज्या पाण्याजवळ माणूस उभा राहू शकत होता, त्याच्या गाळाजवळ जायला आता शिशाची किंवा काँक्रीटची भिंत लागते. घनफळ हे या कचऱ्याचं माप नव्हेच. सोन्याचा भाव कोणी बादलीच्या हिशेबाने करत नाही, आणि गाळाची भीतीही बादलीच्या हिशेबाने मोजू नये.

फुकुशिमातच बघा. तिथल्या शुद्धीकरण यंत्रणेचं नाव ॲल्प्स. ट्रिटियम सोडून ६२ किरणोत्सारी द्रव्यं पकडण्यासाठी ती बांधली. तिच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात लोहाचे क्षार आणि धुण्याचा सोडा घालून साका पाडतात; स्ट्रॉन्शियम-९० त्या चिखलात अडकतं. हा चिखल पॉलिएथिलीनच्या मोठ्या पिंपांत भरून ठेवतात. अशी पिंपं चार हजारांच्या वर गेली. २०१५ साली त्यांतल्या काहींच्या झाकणांवर पाणी साचलेलं दिसलं. पिंप फुटलं नव्हतं. आतल्या चिखलातल्या किरणोत्साराने पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजनचे बुडबुडे तयार झाले होते, ते चिखलात अडकले होते, आणि आंबवलेलं पीठ फुगून पातेल्याबाहेर यावं तसा चिखल फुगून त्याच्यावरचं पाणी बाहेर आलं होतं. २०२१ मध्ये जपानच्या अणुनियमन प्राधिकरणाने हिशेब मांडला की ३१ पिंपांनी सोसायचा तेवढा किरणोत्सार आधीच सोसून झाला आहे; प्लास्टिकचं आयुष्य संपलं, आतला ऐवज मात्र तरुण आहे. म्हणजे एका पिंपातला चिखल उपसून दुसऱ्यात भरणं आलं. चिखल दाबून त्यातलं पाणी काढायचा प्रकल्प ठरला, तोही लांबला, कारण ते काम करताना किरणोत्सारी धूळ कशी आवरायची आणि कामगारांना कसं जपायचं याची उत्तरं नियामकांना पुरेशी वाटली नाहीत.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली. चिखल पिंपांत भरताना धूळ बाहेर जाऊ नये म्हणून हवेच्या वाटेवर बसवलेल्या २५ गाळण्यांपैकी २४ फाटलेल्या निघाल्या. त्याच्या दोन वर्षं आधीही त्या फाटल्या होत्या. तेव्हा नव्या बसवल्या, कारण शोधलं नाही. समुद्रात सोडायच्या पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब जग मागत असताना गाळाच्या खोलीतल्या फाटक्या गाळण्या कोणाच्या खिजगणतीत नव्हत्या. लक्ष जिथे नसतं तिथे हलगर्जी होते. माझा सगळा वाद या एका वाक्यात मावतो.

दुसरा युक्तिवाद: यंत्रणा काम करते ना, मग झालं! यंत्रणा किती काम करते याची गोष्टही सरळ नाही. फुकुशिमात शुद्ध केलेलं पाणी साठवलेल्या टाक्यांत आता फक्त ट्रिटियम उरलं आहे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. २०१८ मध्ये केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीला कबूल करावं लागलं की साठवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाण्यात इतर द्रव्यंही विसर्गाच्या मर्यादेपेक्षा जास्त आहेत. कारणं अगदी कारखानदारी होती: यंत्रणेतला बिघाड, आणि पकडणारी द्रव्यं वेळेवर न बदलता पाणी घाईघाईने पुढे ढकलणं. उपायही ठरला, तेच पाणी पुन्हा गाळायचं. उपाय योग्यच आहे. पण पुन्हा गाळायचं म्हणजे पुन्हा नवा गाळ, पुन्हा नवा चोथा. स्वच्छ पाण्याचा प्रत्येक शेरा गाळाच्या खात्यावर एक नोंद वाढवून जातो, आणि ते खातं कोणी वाचून दाखवत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत भारदस्त: गाळ सिमेंटमध्ये कोंडला, जमिनीत काँक्रीटच्या चरात ठेवला, विषय संपला. भारताची पद्धत साधारण हीच आहे. अणुवीज केंद्राच्या आवारातच उथळ विल्हेवाटीची जागा असते. कमी तीव्रतेचा कचरा दगडी बांधणीच्या चरांत, त्याहून वरचा सलोह काँक्रीटच्या चरांत, त्याहूनही वरचा जमिनीत उभ्या पुरलेल्या नळ्यांत. ही पद्धत मागासलेली नाही. जगभर अशाच रीती आहेत. पण ‘सिमेंटमध्ये कोंडला’ हे म्हणायला जितकं सोपं तितकं करायला नाही. रेझिनचे मणी पाणी पिऊन फुगतात आणि भोवतालच्या सिमेंटला तडे देऊ शकतात. काही अणुभट्ट्यांच्या पाण्यात बोरिक आम्ल असतं, ते सिमेंटला घट्टच होऊ देत नाही, म्हणून आधी चुना घालावा लागतो. सीझियम तर साध्या सिमेंटमधून पाण्याबरोबर सहज पाझरतं; ते धरून ठेवायला विशिष्ट माती मिसळावी लागते. प्रत्येक गाळाची पाककृती निराळी असते. ती बिघडली की ठोकळा दिसायला ठोकळाच राहतो, त्याची राखण मात्र संपलेली असते.

आणि किती वर्षं राखायचं? अशा उथळ जागांसाठी सहसा ३०० वर्षांच्या देखरेखीचं गणित मांडतात. सीझियमची दहा अर्धायुष्यं झाली की हजारातला एक भाग उरतो, हा त्यामागचा हिशेब. हिशेब चोख आहे. आता ३०० वर्षं मागे जा: थोरले बाजीराव पेशवे गादीवर आहेत. त्यांच्या काळातले कागद आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत, म्हणजे कागद तीन शतकं टिकू शकतात. पण ते मोडीत आहेत. शंभर वर्षांपूर्वी गावोगावचा कुलकर्णी झरझर वाचायचा ती लिपी आज वाचायला तज्ज्ञ शोधावा लागतो. कागद टिकला आणि वाचणारा संपला. गाळाच्या चराची नोंद आपण कोणत्या लिपीत, कोणाच्या दफ्तरात, कोणाच्या पगारावर ठेवणार आहोत? हा प्रश्न भावनिक वाटत असेल तर तो अभियांत्रिकीच्या भाषेत विचारतो: ३०० वर्षांच्या देखरेखीचा खर्च आज विजेच्या दरात किती पैशांनी धरला आहे?

शिवाय ३०० वर्षांत सगळंच निवत नाही. तारापूर अणुवीज केंद्रातली तिसरी आणि चौथी भट्टी जड पाण्यावर चालते. या प्रकारच्या भट्ट्यांत कार्बन-१४ तयार होतो आणि जड पाणी साफ करणाऱ्या रेझिनमध्ये तो मोठ्या प्रमाणात अडकतो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. ३०० वर्षांनी तो जवळजवळ होता तेवढाच असेल. म्हणजे ‘गाळ’ म्हणून एकच राशी करून चालत नाही; कोणत्या टप्प्याचं रेझिन, त्यात काय अडकलं आहे आणि ते कोणत्या चरात चाललं आहे, हे वेगवेगळं विचारावं लागतं.

आता पहिल्या फळीकडे वळतो, कारण तिलाही मोकळं सोडणं बरोबर नाही. समुद्रात थेंबही नको, असं ती म्हणते. ऐकायला हे निर्मळ वाटतं. पण शून्य विसर्गाची मागणी ही गाळ वाढवण्याची मागणी असते, आणि त्या गाळात हात घालणारा मासा नसतो, मजूर असतो. २५ ऑक्टोबर २०२३ रोजी फुकुशिमात ॲल्प्सच्या नळ्या आम्लाने धुण्याचं काम चालू होतं. टाकीतून रबरी नळी निसटली आणि किरणोत्सारी द्राव कामगारांच्या अंगावर उडाला. दोघांना रुग्णालयात ठेवावं लागलं. पहिल्यांदा सांगितलं, १०० मिलिलिटर उडालं. पुढे ते काही लिटर असल्याचं निघालं. अंगावर जलरोधक पोशाख हवा होता, तो काहींच्या अंगावर नव्हता. ही माणसं कंत्राटदाराकडची होती. समुद्र जपण्यासाठी बांधलेल्या यंत्रणेत भिजला तो कंत्राटी कामगार. त्याच्यासाठी कुठे मोर्चा निघाल्याचं मी ऐकलं नाही. ना विसर्गाच्या विरोधकांकडून, ना समर्थकांकडून.

या ओढाताणीचं आणखी बोलकं उदाहरण इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या सेलाफील्डचं. तो वीजकेंद्राचा नव्हे, पुनर्प्रक्रियेचा प्रकल्प. पण धडा सामायिक आहे. १९९४ साली तिथे नवं शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. प्लुटोनियमसारखी द्रव्यं ते छान पकडत असे, टेक्नेशियम-९९ मात्र त्यातून निसटून जाई. साठवलेला जुना द्राव त्यातून जाऊ लागताच समुद्रातलं टेक्नेशियम वाढलं, आयरिश समुद्रातल्या शेवंडांत साठू लागलं, प्रवाहाबरोबर नॉर्वेच्या किनाऱ्याला पोचलं. नॉर्वे आणि आयर्लंडने आवाज उठवला. अखेर २००४ पासून एक वेगळं रसायन वापरून ते गाळात ओढण्यात आलं. समुद्राच्या बाजूने हा विजय होता. पण टेक्नेशियम-९९ चं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक आहे, आणि ज्या रसायनाने ते धरलं तेच सिमेंटच्या अल्कधर्मी वातावरणात टिकेल का, अशी शंका पुढच्या विल्हेवाटीचा विचार करणाऱ्यांनी उपस्थित केली होती. समुद्राचा वाद मिटला, तसा तो सिमेंटच्या पिंपात शिरला.

अमेरिकेत थ्री माइल आयलंडला १९७९ च्या अपघातानंतर हेच झालं होतं. शुद्ध केलेलं पाणी सस्क्वेहाना नदीत सोडायला नदीकाठच्या लोकांनी कडाडून विरोध केला. म्हणून १९९१ ते १९९३ या काळात सुमारे ८७ लाख लिटर पाणी उकळून वाफेच्या रूपात हवेत सोडलं. म्हणजे त्यातलं ट्रिटियम नदीऐवजी आकाशात गेलं. आणि पाणी ज्यांनी साफ केलं ती रेझिनची ५० भांडी त्याआधीच दूरच्या आयडाहो राज्यात रवाना झाली होती. नदी लोकांच्या डोळ्यांसमोर होती म्हणून तिच्यासाठी ते भांडले. आयडाहो कोणाच्या डोळ्यांसमोर होतं?

हे सगळं लांबचं वाटेल, पण वाद आपल्या दारातला आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. त्यांच्यामागे अर्ध्या शतकाहून अधिक काळाचा गाळ आहे. किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम केंद्राने केले ते १९८७ साली, म्हणजे भट्ट्या सुरू झाल्यावर १८ वर्षांनी. तिकडे कोकणात जैतापूरला सहा भट्ट्यांचा प्रस्ताव पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. २०१० च्या जनसुनावणीपासून तिथला वाद फिरतो तो भूकंप, जमीन आणि समुद्रात जाणारं गरम पाणी यांच्याभोवती. तिथल्या साखरी नाट्याच्या मच्छीमाराने समुद्राची काळजी करावी हे अगदी रास्त आहे, त्याचं पोट त्यावर आहे. पण समुद्रात जाणारं पाणी वाहून जातं; गाळ प्रकल्पाच्या जागी, माडबनच्या सड्यावर राहायचा आहे, मच्छीमाराच्या नातवाच्या पणतवापर्यंत.

कोणी म्हणेल, हा अणुविजेला विरोध करण्याचा आडमार्ग आहे. तसं नाही. कोळशाच्या राखेचे डोंगर कोराडी आणि चंद्रपूरच्या लोकांनी पाहिले आहेत. त्या राखेच्या तुलनेत अणुकेंद्राचा कचरा चिमूटभर असतो आणि तो वाऱ्यावर सोडला जात नाही, ही अणुविजेची जमेची बाजू आहे. मी म्हणतो ते इतकंच की, जी बाजू जमेची म्हणून मिरवता तिचं खातं उघडं ठेवा. पाण्याचा अहवाल देताना शेजारच्या रकान्यात गाळाचा आकडा द्या. ट्रिटियम पिण्याच्या निकषाच्या खाली आहे, हे सांगून टाळ्या घेतल्यावर स्ट्रॉन्शियमचं पिंप किती वर्षांचं आहे, हेही त्याच दमात सांगा. तेवढी हिंमत असेल तर विज्ञानाच्या बाजूने बोलतो म्हणा. नसेल तर तुम्हीही समोरच्या फळीसारखे नळाच्या तोंडाकडेच बघत बसला आहात.

‘गाळणं’ या शब्दाला मराठीत दुसराही अर्थ आहे: वगळणं. शाळेच्या पेपरात ‘गाळलेल्या जागा भरा’ असा प्रश्न असायचा. पुढच्या वेळी कोणत्याही अणुवीज केंद्राची जनसुनावणी होईल तेव्हा मंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या हातात पुढचा कागद असावा, आणि तो भरून मिळेपर्यंत कोणी उठू नये.

या केंद्रातल्या पाण्याच्या शुद्धीकरणातून दर वर्षी ______ घनमीटर गाळ आणि ______ घनमीटर वापरलेलं रेझिन निघेल. त्यात मुख्यतः ______ ही द्रव्यं असतील. ते ______ मध्ये कोंडून ______ या जागी ठेवलं जाईल. भांड्याचं आयुष्य ______ वर्षं, आतल्या ऐवजाचं ______ वर्षं. मधल्या काळात भांडं बदलावं लागलं, तर ते उघडणारा माणूस ______ कडे कामाला असेल आणि त्याचा पगार ______ देईल.